बोकडाची राजीखुशी

युरोपात जुन्या काळी देवीला बळी कसे द्यायचे, हे शिकवणारा माणूस म्हणल्यावर तुम्हाला वाटंल, दाढी, लाल डोळे, घुमणारा आवाज. नाय हो. आमचे सर इस्त्रीचा शर्ट घालतात अन् रिक्षावाल्यालाबी "आपण" म्हणतात. दर वाक्याला चष्मा वर सारून "म्हणजे बघा" करतात. कॉलेजात त्यांची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नाय.

"म्हणजे बघा, ग्रीसमधी पीक यावं म्हणून धान्याच्या देवीला डुकराचं पिल्लू द्यायचे. आधी पाणी शिंपडायचे. त्यानं मान हलवली की ते राजी." हे ते बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगतात.

परवा खुलताबादजवळ त्यांच्या शेतावर देवीला बोकड होता. मीबी गेलो. आपल्याकडंबी तीच रीत. पाठीवर गार पाणी वतायचं, बोकडानं अंग झाडलं की देवीला कबूल. नाय झाडलं तर सोडून द्यायचा. पाणी वतायचं काम सरांनी मागून घेतलं. चुलीवरच्या अंघोळीच्या हंड्यातून त्यांनी तांब्या भरला, ते मी बघितलं.

सरांनी पाणी वतलं. बोकडानं सुखानं डोळे मिटले. आणखी वतलं, तरी तसाच उभा.

"म्हणजे बघा, देवीला नको हाय," म्हणत सरांनी दावं सोडलं.

त्यांच्या आईनं बोकडाच्या पाठीवर हात ठिवला.

"पाणी तापवलंस व्हय रं मुडद्या? तिकडच्या देव्यांचं जेवण वर्गात लई गोडीनं सांगतूस, अन् घरच्या देवीला उपाशी ठिवतूस? आता पीक नाय आलं तर तूच उगव वावरात!"