उशी सरांचा तास

त्या जिम्नॅस्टिक्स अकादमीच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर एक मुलगी हवेत उलटी तरंगते आहे, आणि तिच्या डोक्याखाली ठळक अक्षरांत छापलंय : 'खेळ आणि अभ्यास, दोन्ही बरोबरीने'. ह्यातला खेळ म्हणजे उंच छताचा मोठा हॉल, तीन कोच, एक डॉक्टर, एक मालिशवाले आणि अंड्यातला पिवळा भाग किती खायचा हे ठरवणाऱ्या एक आहारतज्ज्ञ बाई. आणि अभ्यास म्हणजे उशी सर.

एकटेच. सगळे विषय, सगळ्या इयत्ता, एकोणीस मुलं आणि एक फळा. परवान्यात रोज चार तास शिक्षण द्यायचं असं लिहिलं होतं. पण त्यातले दोन तास मोठे कोच पहाटेच्या धावण्यातच 'शारीरिक शिक्षण' म्हणून वळते करून घेत. उरले दोन. तेही दुपारी दोन ते चार, म्हणजे पहाटे साडेपाचपासून उलट्या उड्या मारलेलं पोर पोटभर जेवून बाकावर बसतं ती वेळ. ह्या वेळेला खुद्द मोठे कोचसुद्धा आपल्या केबिनमध्ये 'नियोजन' करत असत. त्या नियोजनाचा आवाज दारापर्यंत यायचा.

खडूचीही तीच तऱ्हा. हॉलमध्ये हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीची पोती येत. फळ्याचा खडू मागायला गेलं की स्टोअरवाला डोळे बारीक करून विचारी, "परवाच दिला ना एक? खाता की काय सर?"

सर खायचे नाहीत. पहिल्या दिवशी तर त्यांनी तो खडू मोठ्या उमेदीने वापरला. आधी पंधरा वर्षं ते एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवत होते. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहून ते वळले, तर एकोणीसच्या एकोणीस डोकी बाकांवर. सरांचं टाळकं फिरलं. तरातरा ते पहिल्या बाकापाशी गेले, खांद्याला धरून हलवायला हात पुढे केला आणि थांबले. नऊ वर्षांची पोरगी. एवढीशी. दोन्ही तळवे उताणे टाकून झोपलेली. बारला लोंबकळून तळव्यांची कातडी सोलली होती आणि भेगांमध्ये पांढरी भुकटी सुकून बसली होती.

सरांनी हात मागे घेतला. जे काही बिघडलं ते तिथं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून दोन उशा आणल्या. आठवड्याने आणखी चार. पडदे ओढून घ्यायला लागले. फळ्यावर लिहिताना खडू करकरू नये म्हणून त्याचं टोक ओलं करायला लागले. मुलांनी पंधरा दिवसांत नाव ठेवलं, 'उशी सर'. सरांनी ते ऐकलं आणि पदक मिळाल्यासारखे घरी आले.

"एवढं खूश व्हायला काय झालं?" बायकोने विचारलं.

"मुलांनी टोपणनाव ठेवलं."

"माझे अभ्रे परत कधी येणार ते बोला."

मोठे कोच तर सरांवर बेहद्द खूश. "सर, तुमच्यासारखा मास्तर शोधून सापडणार नाही. आधीच्या बाई पोरांना जागं ठेवायच्या हो! संध्याकाळी पोरं बारवरून टपाटप गळायची."

अडचण एकच होती, वह्या. दर तीन महिन्यांनी शिक्षण खात्याचे एक तपासणीसाहेब येत, वह्यांचा गठ्ठा मोजत, त्यातल्या दोन-तीन उघडत आणि सही करून जात. अकादमीच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "सर, वह्या कोऱ्या दिसता कामा नयेत. कशा भरायच्या ते तुमचं तुम्ही बघा."

सरांनी बघितलं. सुरुवात अगदी साधी झाली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने अर्धं गणित लिहून मान टाकली होती. ते त्यांनी तिच्या अक्षरात पुरं केलं. मग शेजारच्याचं केलं. मग रोज संध्याकाळी एकोणीस वह्या पिशवीतून घरी यायला लागल्या. बायको भाजी निवडते आहे आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सर चौथी ते नववीचा गृहपाठ करताहेत, असा संसार सुरू झाला.

"आज कोण?" बायको विचारी.

"चौथ्या बाकावरचा. हा सात उलटा काढतो."

"मग तुम्हीही उलटा काढा. लाज कसली!"

आणि ते काढत. एकाचं अक्षर डावीकडे कललेलं, एकीचं गोलमटोल, एकाला समासाची शुद्ध नाही. कोणाच्या वहीत किती चुका घालायच्या ह्याचाही त्यांनी हिशेब ठरवला होता. सगळंच बरोबर आलं तर तपासणीसाहेबांना शंका येईल. इतकंच काय, मुलं वाढतील तसं सर त्यांचं अक्षरही वाढवत नेत. नवव्या वर्षी ढोबळ, अकराव्या वर्षी जरा आटोपशीर, तेराव्या वर्षी वेलांटीला थोडा नखरा. ही कला त्यांना जमली होती, आणि जमलेली कला माणसाला कधी वाईट वाटत नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. तिच्या वहीवर सरांचा विशेष जीव. तिला ते चुका कमी देत. भागाकार असा पायरी-पायरीने उतरवत, की बघत राहावं. आणि हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट घडली. सरांना ते खरं वाटायला लागलं. पालकसभेत टाचणीची आई आली, पेट्रोलपंपावरून थेट, गणवेशातच. सर वही उघडून म्हणाले, "पोरीला गणितात डोकं आहे हो."

आईचा चेहरा फुलला. "माझ्यावर गेली. दिवसभर सुट्टे पैसे तोंडीच करते मी." पाठीमागे टाचणी भिंतीला टेकून पेंगत होती.

अशी पाच वर्षं गेली. मग टाचणी उंच झाली.

हॉलच्या दाराच्या चौकटीवर कोच दर महिन्याला पेन्सिलने प्रत्येकाची उंची मांडत. बाकीच्यांच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या. टाचणीची रेघ अकरा महिन्यांत वीतभर वर गेली. वरच्या बारवर झोका घेताना तिचे पाय खालच्या बारवर आपटायला लागले. मुलं म्हणाली, "टाचणीची काठी झाली." कोचने दोन्ही बारमधलं अंतर वाढवलं, तिच्या ताटातला भात कमी केला. शेवटी आईला बोलावून हात वर केले. "हाडांपुढे माझं काही चालत नाही, ताई. पुढच्या महिन्यात घेऊन जा."

ताई खचल्या नाहीत. उलट कोचलाच धीर दिला. "खेळ गेला तर गेला. अभ्यास आहे ना तिचा! नववीत घालते." मग सरांकडे आल्या. "सर, शाळेत बरोबर याल? तुमच्या शब्दाला वजन आहे."

सर म्हणाले, "येतो की."

त्या संध्याकाळी बायकोने भाजीची परात बाजूला सारली. "अहो, सांगा त्या माऊलीला. आजच्या आज सांगा."

"सांगतो."

सांगितलं नाही. त्याऐवजी उरलेल्या अकरा दिवसांत टाचणीला जागं ठेवून सगळं शिकवून टाकायचं, असा त्यांनी बेत केला. पाच वर्षांचं गणित, अकरा दुपारी! पाढ्यांपासून सुरुवात केली. तिला आठाचा पाढा तेवढा आला, तोही घडाघडा, कारण हॉलमधली मोजणी आठा-आठाची असते. साताचा विचारला तर ती बाकाकडे असं बघायला लागली, जसं तहानलेला माणूस माठाकडे बघतो. "सर, पाचच मिनिटं," म्हणाली. सरांनी पाच मिनिटं दिली. द्यायची सवयच होती.

शाळेतल्या मुख्याध्यापिका वयस्क, शांत. त्यांनी वह्या चाळल्या आणि कौतुकाने मान हलवली. "फार टापटीप आहे हं." आईने सरांकडे अभिमानाने पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं.

"एक छोटंसं गणित घालते," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला. तीन छेद चार अधिक दोन छेद तीन.

टाचणीने पेन मुठीत धरलं. वरच्या आकड्यांत वरचे मिळवले, खालच्यांत खालचे. पाच छेद सात. कागद परत दिला आणि समोरच्यांना घाई असावी तशी उठून उभी राहिली.

बाईंनी तो कागद वहीशेजारी ठेवला. वहीतली मुलगी चौदा वर्षांची होती, वेलांटीला नखरा होता. कागदावरची अजून नऊ वर्षांचीच होती. आकडे मोठेमोठे, वाकडे, रेघेवर न बसणारे.

"ह्या वह्या तुझ्याच ना?"

"हो."

"तूच लिहिल्यास?"

टाचणीने सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम दिसला तशी ती घाबरली आणि त्यांच्या मदतीला धावली. "सर लिहायचे. मी झोपायचे. पण बाई, आमचे सर खूप चांगले आहेत. कधीसुद्धा उठवायचे नाहीत."

आई खुर्चीतच सावकाश वळली.

"सर?"

"हात सोललेले असायचे हो तिचे," सर पुटपुटले. "बघवायचं नाही."

"मग मला सांगायचं. मी बघितलं असतं. पाच वर्षं दर सभेला तुम्ही म्हणालात, पोरीला डोकं आहे."

"मला खरंच तसं वाटायला लागलं होतं."

"ते डोकं तुमचं होतं, सर," आई म्हणाली. आवाज चढला नाही. पंपावर कोणी हुज्जत घातली की ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात म्हणाली, "तिचं कसं आहे ते कोणी बघितलंच नाही."

बाईंनी टाचणीला सहावीत घेतलं. ह्याहून जास्त करणं त्यांच्या हातात नव्हतं. अकरा वर्षांच्या पोरांत ती शेवटच्या बाकावर बसते. गुडघे बाकाखाली मावत नाहीत, म्हणून पाय वाटेत सोडते. येणारा-जाणारा अडखळला की वर्ग हसतो.

शाळेतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी उशी सरांनी सगळ्या उशा पिशवीत भरल्या, पडदे उघडले आणि अठरा मुलांना उठवलं. मुलं परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. चौथ्या बाकावरच्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "सर, आम्ही काय केलं?" चौथ्या दिवशी मोठ्या कोचनी बोलावून घेतलं. "सर, पोरं संध्याकाळी ढिली पडताहेत. तुम्हाला बरं नसेल तर सुट्टी घ्या. दुसरं कोणी बघतो." सरांनी सुट्टी घेतली नाही, आणि पडदे पुन्हा ओढलेही नाहीत. महिनाअखेरीला त्यांच्या जागी एक तरुण मास्तर आला. त्याने स्वतःच्या घरून गाद्या आणल्या असं ऐकतो.

सर दर रविवारी सकाळी टाचणीच्या घरी जायला लागले. आईने दार उघडलं, पाट दिला, चहा विचारला नाही. खोली एकच. एका कोपऱ्यात स्टो, खिडकीत गणवेश वाळत घातलेला. सरांनी अपूर्णांक काढले. ह्या वेळी खडू नाही, कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या, आदल्या दिवशी बसून, रंगीत. बायकोने कात्री धरली होती. चार सारखे भाग, तीन सारखे भाग. इतकं सोपं करून त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं.

दहाव्या मिनिटाला टाचणीची मान लवली. ती दचकून सावरली, तोंड धुऊन आली, पुन्हा बसली, पुन्हा लवली. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ती उभं राहून शिकायला लागली आणि उभ्याउभ्याच डुलली. आई स्टोपाशी पाठ करून उभी होती.

"टाचणे, शाळेतही झोपतेस का गं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तिथं येतच नाही झोप. तिथल्या बाई खूप ओरडतात." तिने रंगीत पट्ट्या गोळा केल्या, नीट एकावर एक ठेवून सरांच्या पुढ्यात सरकवल्या. "तुम्ही येऊ नका सर आता. मला तुमचा राग नाही आला. पण तुम्ही बोलायला लागलात की माझे डोळे आपोआप मिटतात."