उंदरांच्या लघवीत साखर

मी उंदरांचं मूत तपासते. पोटापाण्याचं काम आहे, त्यात लाज कसली! पण सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "सूनबाई औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे." हुद्दा कसला डोंबलाचा, मी साधी लॅब टेक्निशियन. फक्त फराळाच्या ताटासमोर 'मूत' हा शब्द काढायचा नाही, तेवढं मी पाळते.

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत मात्र बातमी फुटलीच. एकदा सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, हातात जॅमची बाटली. "अगं, आमचा कुत्रा सारखा पाय वर करतोय, पण थेंबथेंबच होतंय. जरा बघ ना, तुझ्याकडे मशीन असेल." मी म्हटलं, "काकू, जॅमच्या बाटलीतून आणलंत तर कुत्र्याला डायबेटिसच निघेल! आणि थेंबथेंब होतंय तर बाटली कसली आणताय? कुत्र्याला उचला आणि डॉक्टरकडे पळा." पळाल्या. मूतखडा निघाला, वेळेत निघाला. तेव्हापासून काकू मला डॉक्टरीणबाई म्हणतात. कुत्रा मात्र अजून माझ्यावर भुंकतो.

कुत्र्याचं एक वेळ सोपं, पण उंदराचं मूत गोळा करणं म्हणजे वेगळीच कसरत. त्याला डबी देऊन 'जाऊन ये' असं सांगता येत नाही ना! त्यासाठी गोल पिंजरे असतात. तळाला जाळी, जाळीखाली नरसाळं. लेंड्या एका डबीत पडतात आणि मूत दुसऱ्या नळीत उतरतं. अख्ख्या रात्रीचं मिळून चमचा-दोन चमचे. त्या रात्री उंदरांना पाणी भरपूर, पण खायला काही नाही, कारण खाण्याचे कण खाली पडले की नमुना बिघडला. सकाळी मी नळीत कागदाची पट्टी बुडवते आणि पट्टीवरचे चौकोन कुठल्या रंगाचे होतात ते बघते. साखर, प्रथिनं, रक्त, सगळं त्या पट्टीवर कळतं.

पिंजऱ्यांचं सगळं बघायचे ते मामा. तळवली गावचे, साठीला टेकलेले, काँट्रॅक्टवर लागलेले. आमची कंपनी ठाणे-बेलापूर रोडला जिथं उभी आहे, तिथं त्यांच्या चुलत्याचं भाताचं शेत होतं म्हणे. "तवा उंदीर मारायला पैसं द्यायचो, आता उंदीर पोसायला पगार घेतो," असं म्हणून स्वतःच हसायचे. आत जाताना आंघोळ करायची, कपडे बदलायचे, टोपी-मास्क चढवायचा, आणि मग मामांचं बोलणं सुरू. "काय रे पोरा, झोप झाली काय? पानी पिलास काय?" उंदीर बोलत नाहीत म्हणून बरं, नाहीतर दोघांना गप्पा आवरल्या नसत्या.

आणि वर आमच्या मॅडम. अख्ख्या प्रयोगाच्या जबाबदार त्याच. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, पण कामात एक नंबर. आत खाण्याचा कण न्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. चुइंगम चघळत आत गेलेल्या एका पोरीला त्यांनी असं झापलं होतं, की ती पुढे महिनाभर त्यांना बघून नुसती थुंकी गिळायची.

तर संक्रांतीची गोष्ट. त्या रात्री मुताच्या पिंजऱ्यांत औषध न दिलेले उंदीर होते. प्रयोगात हेच उंदीर महत्त्वाचे, कारण औषध दिलेल्या उंदरांची तुलना यांच्याशी करायची असते. यांच्यातच बिघाड निघाला तर सगळंच मुसळ केरात. सगळे उंदीर मारून टाकायचे आणि नवे आणून पहिल्यापासून सुरुवात करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नळ्यांतलं मूत चहाच्या रंगाचं. पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन हिरवा! दुसरी नळी, हिरवा. तिसरी, तेच. ठणठणीत उंदरांना एका रात्रीत डायबेटिस? पट्ट्यांची नवी डबी फोडली, पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग म्हटलं पिंजरा तरी बघावा. नरसाळं सोडवून उजेडात धरलं, तर काठाला चिकटलेला एक दाणा. पांढरा, टोकदार, ओळखीचा. तीळ!

आधी मी खो खो हसले. मग हसू थांबलं, कारण आदल्या संध्याकाळी शेवटचं आत कोण होतं ते मला माहीत होतं.

मामा बाहेर पाण्याच्या बाटल्या धूत होते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझी आईसुद्धा सांगेल. सरळ विचारलं, "मामा, काल उंदरांना तीळगूळ दिलात?"

"देला ना," मामा म्हणाले. लपवाछपवी नाहीच! "टोपीत ठेवून नेला. जरा जरा देला सगल्यांना. सनाच्या रातीला उपाशी कसा ठेवायचा कोनाला, ताई? आमच्याकडं दारातल्या कुत्र्याला पन पोली टाकतात."

"अहो मामा, लघवीत साखर निघालीय सगळ्यांच्या!"

मामांच्या हातातली बाटली तशीच राहिली. नळ वाहत होता, तो मीच बंद केला.

"साखर झाली त्यांना? माझ्यावानी?" मामांना स्वतःला डायबेटिस, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. "माझ्या हातानं देला मी. आता त्यांना पन गोली चालू करावी लागंल काय?"

मी इथं त्यांची नोकरी जाईल म्हणून घाबरलेली, आणि हा माणूस उंदरांच्या गोळ्यांच्या काळजीत! मी समजावलं, की उंदरांना काही झालं नाही, गुळाचे कण जाळीतून खाली पडले आणि मुतात विरघळले, ती साखर त्या कणांची. मामांना पटेना. "मना पन डॉक्टर आदी असाच बोलला होता. काय नाय, परत तपासू. मग निघालीच." ते आजारी नाहीत हो, आणि तसेही प्रयोग संपला की... असं मी म्हणणार होते. पण प्रयोग संपला की उंदरांना मारतात आणि त्यांच्या किडन्या तपासतात, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत होतं.

मॅडमना काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. तीळ माझ्याच कपड्याला चिकटून आला असेल, असं काहीतरी. मॅडम आल्या, नरसाळं बघितलं, आणि मी "मॅडम, ते काय झालं ना" एवढं म्हणेपर्यंत मागून आवाज आला, "मी देला, मॅडम."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"मामा, आत खायचं न्यायचं नाही, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

"सारखा सांगता."

"मग?"

"सन होता."

मॅडमनी नरसाळं टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "पिंजरे धुवा, पुन्हा गोळा करू. पुन्हा साखर निघाली तर अख्खी बॅच गेली. आणि मामा, मग तुम्हाला माझ्याच्यानं वाचवता येणार नाही."

पुन्हा गोळा करायच्या रात्री पिंजऱ्यांशी दुसरा माणूस होता. सकाळी मी पट्टी बुडवली तेव्हा काचेपलीकडे मामा उभे होते. ड्यूटी दुपारची होती, तरी आले होते. मूत स्वच्छ पिवळं. चौकोन होता तसा निळाच. एकेक करत सगळ्या नळ्या झाल्या, साखरेचं नाव नाही. मी पट्टी काचेला लावून ओरडले, "मामा, नाहीये! कुणालाच नाहीये!" मामांनी काचेला कपाळ टेकवलं आणि हात जोडले. मला की उंदरांना, ते काही कळलं नाही.

मॅडमनी त्यांना आत बोलावलं. नोकरी राहील म्हणाल्या, पण उंदरांच्या खोलीत नाही, सोमवारपासून पिंजरे धुण्याच्या खोलीत. मी उसळलेच. "मॅडम, सगळं क्लिअर निघालं ना? मग शिक्षा कसली?"

"शिक्षा नाही ही. आज तीळगूळ, उद्या पुरणपोळी. या प्रयोगावर मी सही करते. उद्या हे औषध कुणाच्या तरी पोराच्या पोटात जाणार आहे." खरं होतं ते.

मामांनी मान हलवली. "बरोबर हाय तुमचा." दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "मॅडम, एक विचारू? शेवटच्या दिवशी मना आत घेशाल काय?"

उंदरांना मारायच्या त्या दिवशी मामा दर वेळी रजा टाकायचे. पोट बिघडलं, पाहुणे आले, कायतरी निघायचंच, आणि सगळ्यांना माहीत असून कुणी काही बोलायचं नाही.

"नवा मानूस हात लावल तर घाबरतील," मामा म्हणाले. "घाबरून मुततात बिचारे. माझ्या हातात नाय मुतत."

मॅडम टेबलावरच्या नळ्या सरळ करू लागल्या. सरळच होत्या त्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "या तुम्ही."

त्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी आले. एकेक उंदीर दोन्ही तळव्यांत धरून, "चल पोरा, चल," करत त्यांनी टेबलापर्यंत आणून दिला. एकही मुतला नाही.