लाल डाग आणि दहा मिनिटं

लाल डाग जात नव्हता.

शुक्रवारची दुपार होती. कुंदाताई मेश्राम ट्रायल रूमच्या खुर्चीवर बसल्या होत्या, नवा पाय काढून बाजूला ठेवलेला. मी खाली फरशीवर बसून त्यांचा स्टंप पाहत होतो. स्टंप म्हणजे ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उरलेला पायाचा भाग. त्याच्या टोकाशी, नडगीच्या हाडावर, नाण्याएवढा डाग उमटला होता.

"भाऊ, काय पाहून राहिले एवढं?"

"काही नाही ताई. थोडं लाल दिसते."

"जाईन ना?"

"जाईल. नवीन असलं की होते तसं."

मी बावीस वर्षं कृत्रिम पाय बनवतो आहे, रायपूरच्या एका मिशन सेंटरमध्ये. आमच्या कामात यंत्रं बरीच आहेत, पण सगळ्यात मोठी परीक्षा साधी असते. पेशंटला नवा पाय घालून दहा मिनिटं चालवायचं. मग पाय काढायचा आणि घड्याळ लावायचं. दाबाने लाल झालेली कातडी पुढच्या दहा मिनिटांत मूळ रंगावर आली तर सॉकेट ठीक. सॉकेट म्हणजे पायाच्या वरची वाटी, तिच्यात स्टंप बसतो. लाली गेली नाही तर त्या जागी दाब जास्त आहे, वाटी बदला. शुगरच्या पेशंटला तर हे चुकवायचंच नाही. त्यांच्या पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. जखम होईपर्यंत दुखत नाही. बोलणारा फक्त तो डाग असतो.

कुंदाताईंना शुगर होती. पाय त्यातच गेला होता.

त्या दिवशी मी घड्याळ लावलं नाही. ते भिंतीवरच होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तरी पंधरा मिनिटं होऊन गेली असतील, हे मला कळत होतं.

वाटी बदलायची म्हणजे प्लास्टरच्या साच्यावर त्या जागी भर घालायची, भट्टीत तापवलेलं प्लास्टिक त्यावर ओढून नवी वाटी करायची, सगळं पुन्हा जोडायचं. तीन दिवसांचं काम. आणि रविवार दोन दिवसांवर होता.

रविवारबद्दल सांगतो. आमचं घराणं विदर्भातलं, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. मी इथल्या चर्चच्या सेवा समितीवर आहे. समिती दरवर्षी दोन गरजूंना पाय देते, पाय आमच्या सेंटरात बनतात. त्या वर्षी पास्टरसाहेबांनी ठरवलं की एक रविवार प्रवचन नको, प्रीती कृतीत दाखवायची. कुंदाताईंनी दारापासून पुढच्या वेदीपर्यंत चालत यायचं, एवढंच. तारीख ठरली, कापडी फलक लागला, जेवणाचं सांगून झालं. पाय तयार व्हायच्या आधी दिवस ठरला होता. आमच्या धंद्यात हे कधी करत नाहीत. मी त्या बैठकीत बसलेला असूनही बोललो नाही, कारण पास्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हमारे विलास भैया के हाथ का काम है." ऐकायला बरं वाटलं होतं.

कुंदाताई बौद्ध. राहायला पुरानी बस्तीत, मुलीबरोबर. नवरा प्लांटमध्ये ठेक्यावर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या पंडरीच्या कापड बाजारात साड्यांना फॉल लावायच्या. कारखाना दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि खडा. कुबड्या घेऊन तो चढता येत नाही. मालकाने सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी वर येशील त्या दिवशी काम तुझं.

रविवारचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मले काही बोलाव लागन का? मी तुमच्या देवाची नाही."

"कुछ बोलना नहीं है दीदी," पास्टरसाहेब हसून म्हणाले. "बस चलके आना है."

"हव. पाय तुमचा, चाल माही. येतो."

तर त्या शुक्रवारी मी काय केलं? कपाटातून जाड मोजा काढला आणि म्हटलं, "हा घाला आतून, गादीसारखा होईल." तुम्हाला वाटेल बरोबरच आहे. नाही. वाटी आधीच घट्ट असताना जाड मोजा घातला की ती आणखी घट्ट होते. हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. मला येत नव्हतं असं नाही.

मग मी डिलिव्हरीच्या कागदावर सही केली. वर सूचना दिली, "पहिले काही दिवस अर्धाच तास घालायचा."

"अन् रविवारी?"

"रविवारी पाहू."

रविवारी कुंदाताई पांढरी साडी नेसून आल्या. दारापासून चालत आल्या, कुठे टेकल्या नाहीत. माणसं उभी राहिली, कोणी रडलं. नंतर गीतं झाली, भाषणं झाली, जेवण झालं. प्रत्येकाला त्यांच्यासोबत फोटो हवा होता. पाय चार तास अंगावर होता. मी तीन फोटोंत आहे. दोनदा मनात आलं की त्यांना आतल्या खोलीत नेऊन पाय काढायला सांगावं. दोन्ही वेळा कोणी तरी हात मिळवायला आलं.

मंगळवारी त्या रिक्षाने सेंटरवर आल्या. मोजा स्टंपला चिकटला होता. पाणी लावून सोडवला. डागाच्या जागी जखम होती, आणि ती खोल होती.

आमच्या डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "विलासजी, इन्फेक्शन हड्डी तक गया तो घुटना नहीं बचेगा."

गुडघा वाचतो की नाही, यावर आमच्याकडे सगळं ठरतं. स्वतःचा गुडघा असला तर माणूस कृत्रिम पायाने जिने चढतो, सायकल चालवतो. गुडघ्याच्या वरून पाय गेला तर पंडरीचा तो जिना कुंदाताईंसाठी कायमचा संपला.

"हुआ कैसे ये?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "ज़्यादा देर पहन लिया होगा."

फाइलमध्ये लिहिलं, रुग्णाने सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ पाय वापरला. वाक्य खरं होतं. म्हणून तर हात अडखळला नाही.

पुढे अडीच महिने ड्रेसिंग चाललं. मी रोज डब्यातून त्यांच्यासाठी उकडलेली अंडी न्यायचो, कारण जखम भरायला ती लागतात. सुटीच्या दिवशी घरी पोचवायचो. लोक म्हणायचे, बघा, याला म्हणतात ख्रिस्ती माणूस. मी ते ऐकून घ्यायचो. अंडी मी प्रेमाने नेत होतो की भीतीने, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं.

गुडघा वाचला. पण जखम भरताना स्टंपचा आकार बदलला, जुना पाय बसेना. नवा लागणार होता. प्रश्न समितीपुढे गेला.

पास्टरसाहेबांनी फाइल वाचली. ते वाईट माणूस नाहीत. यादीत दुसरे लोक थांबलेले होते. "भैया, इसमें तो लिखा है कि उन्होंने ध्यान नहीं रखा. दूसरा पैर भी ऐसे ही ख़राब किया तो? किसी और का हक़ मारेंगे हम?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आप बताइए, आपने बनाया था."

मी टेबलावरच्या फुलदाणीकडे पाहत राहिलो. म्हटलं, "जैसा आप लोग ठीक समझें."

कुंदाताईंचं नाव यादीतून गेलं.

चर्चमध्ये दर रविवारी पापांची कबुली असते. सगळ्यांनी मिळून म्हणायची. सगळे एकदम म्हणतात, त्यामुळे कोणाचं काय ते कोणालाच कळत नाही. मी त्यानंतर सहा-सात रविवार म्हटली. प्रत्येक वेळी बाहेर पडताना वाटायचं, आता देवाने ऐकलं, झालं. सोमवारी वर्कशॉपमध्ये शिरलो की शेल्फवर त्यांचा प्लास्टरचा साचा दिसायचा, वर माझ्याच अक्षरात नाव. देवाने माफ केलं असेल तर हा साचा असा का पाहतो माझ्याकडे, हे मला उमजेना.

एका संध्याकाळी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. त्या खाटेवर बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होत्या. मुलीने "मम्मी, अंकल आए हैं" म्हणून खुर्ची दिली आणि आत चहा ठेवायला गेली. मी चहाची वाट न पाहता सगळं सांगून टाकलं. डाग, घड्याळ, मोजा, फाइल.

कुंदाताईंनी सुई थांबवली नाही.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही त्या दिवशी घड्याळाकडं पाहिलं नाही. त्याच्या आधीच्या ट्रायलले दर मिनिटाले पाहत होते. मी का आंधळी हावो?"

"मग रविवारी पाय काहून नाही काढला?"

"गुडघ्यापाशी हात लावला होता मी, जेवताना. मोजा चिपचिप लागला. दुखत तं काहीच नव्हतं." आता त्यांनी सुई थांबवली. "पण तुमच्या एवढ्या लोकांसमोर तुमचा पाय काढून ठेवू? मले वाटलं, या माणसाची इज्जत जाईन. इतक्या मनानं बनवला यानं."

 त्यांनी माझी लाज राखायला गुडघा पणाला लावला, आणि मी माझी लाज राखायला त्यांचा पाय घालवला. त्या रविवारी चर्चमध्ये प्रीती कोणी कृतीत आणली, याचा हिशेब माझ्याने लागेना. मी हात जोडले. "ताई, माफ करा मले."

तेव्हा मात्र त्या चिडल्या.

"माफी-बिफी राहू द्या. मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना. फाइलीत लिवा. चार महिन्यापासून मी लापरवाह बाई हावो सगळ्यांसाठी. माही पोट्टीबी मले हेच म्हणते."

आतून चहाची कपबशी वाजली आणि थांबली. पोट्टी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी फाइल काढली. जुनं वाक्य खोडलं नाही, तसा नियम आहे. खाली तारीख टाकून लिहिलं: ट्रायलमधील लाली दहा मिनिटांत गेली नव्हती. तरीही पाय दिला. चूक माझी. सही केली. मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "ये आपको चार महीने पहले बताना था. मैं इलाज अलग करती."  सेंटरकडून मला लेखी मेमो मिळाला. तो वाचताना बरं वाटलं. कोणी तरी अखेर रागावलं होतं.

पास्टरसाहेबांनी नवी नोंद स्वतः वाचून घेतली. मग म्हणाले, "तारीख़ तो मैंने ही रखी थी." पुढच्या बैठकीत कुंदाताईंचं नाव परत आलं. पण मंडळीत त्या बेफिकीर ठरल्या होत्या, ते कसं पुसायचं? मी म्हटलं, मी साक्ष देतो. आमच्याकडे साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. मी मात्र स्वतः काय केलं ते सांगितलं. नाव घेऊन, मोज्यासकट.

लोकांनी आमेन म्हटलं. टाळ्याही वाजवल्या. बाहेर एकाने माझा हात धरून सांगितलं, "क्या गवाही दी भैया, रुला दिया." मी चर्चच्या पायऱ्यांवरच थांबलो. चूक लपवली तेव्हा माझी वाहवा झाली, सांगितली तेव्हाही माझीच. मग त्याच माणसाला विचारलं, "कुंदा दीदी का क्या समझे आप?" तो म्हणाला, "हाँ... उनकी ग़लती नहीं थी ना." म्हटलं, बस. एवढं पोचलं तरी पुष्कळ.

नवा पाय मी बनवू नये, असं मला वाटत होतं. आमच्याकडे दुसरा एक चांगला कारागीर आहे. कुंदाताईंनी नाही म्हणून मान हलवली.

"तुम्हीच बनवा. तुमची चूक तुमाले माहीत हाय. दुसरा नवीन चूक करन."

या वेळी तारीख कोणी ठरवली नाही. ट्रायल तीनदा झाली. पहिल्या दोन वेळा लाली गेली नाही, दोन्ही वेळा वाटी फोडून नवी ओढली. तिसऱ्या वेळी त्या दहा मिनिटं चालल्या, पाय काढला, आणि मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय आता?"

"तुम्ही पाहा. मी पाहत नाही."

त्या काट्याकडे पाहत बसल्या, मी डागाकडे. सहाव्या मिनिटाला कातडी मूळ रंगावर आली. तरी त्यांनी दहा पूर्ण होईपर्यंत पाय घालू दिला नाही.

महिन्याभराने त्या पंडरीचा जिना चढल्या. मी खाली उभा होतो. वर पोचल्यावर शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पहिलं काम केलं ते पाय काढून स्टंप पाहण्याचं, आणि मग वरून हाक मारली, "जा आता, कामाले लागा!"

ते घड्याळ मी परत भिंतीवर लावलं नाही. ट्रायलच्या वेळी ते पेशंटच्या हातात असतं.