आधी सह्या, मजकूर मागाहून

शेतकऱ्यांना त्यांचे हक्क शिकवायला आम्ही भिलाईहून मोटारीत बसून, सामोशांची पाकिटं घेऊन जायचो. तिथल्या जुनवानी भागातले आम्ही चार निवृत्त साहेब आणि एक संस्था. गाव कुम्हारीच्या पलीकडचं. निवृत्त माणसाला घरात कोणी विचारेनासं झालं की तो समाज घडवायला निघतो. वर्ग पंचायत भवनात भरायचा. जन्मभर धान पिकवलेल्या बायांना आम्ही रंगीत कागदावर शेताचं चित्र काढायला लावायचो आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचो.

एक गोष्ट मात्र खरी झाली. दोन एकरांची मालकीण असलेली एक विधवा तिथे लिहा-वाचायला आणि सही करायला शिकली.

हजेरी माझ्याकडे होती. खासगी रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर असताना सेफ्टीच्या बैठकीचा कागद मी असाच करायचो: आधी कामगारांच्या सह्या, मजकूर मागाहून, सवडीने. बैठक झाली काय, न झाली काय. तीच हुशारी इथे चालवली. कोऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात सह्या-अंगठे घ्यायचे, वरचं घरी टाइप करायचं. गावात सरपंचबाईंचा नवराच सरपंच समजला जायचा. "पंचायत की फाइल में लगेगा," म्हणून त्याने एकदा ती पानं मागितली. मी दिली. त्याचा चहाही प्यालो.

पुढच्या ग्रामसभेत कळलं की गावाने गुरचरणाची जागा गोदामासाठी एकमताने देऊन टाकली आहे. ज्यांच्याकडे एखाददुसरी गाय, चार बकऱ्या, त्यांना चारायला दुसरी जागा नव्हती. ती विधवा उठली आणि म्हणाली, असा ठराव झालेलाच नाही. सरपंचबाईंच्या नवऱ्याने कागद नाचवला.

"ये किसका दस्तखत है? बड़ी पढ़ी-लिखी बनती हो ना."

तिने बराच वेळ पाहिलं. "दसखत तो मोरेच आय, फेर मैं हव कब केहेंव?" सही माझीच, पण हो कधी म्हटलं? मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, हे तुमच्या वर्गाचं पान ना?"

मी म्हणालो, "आता नेमकं आठवत नाही."

लोक हसले. तिला.

माझी बायको अमरावतीकडची. तिने घरी ऐकलं आणि म्हणाली, "शेजाऱ्यानं नेलेली शिडी तुमाले इतक्या वर्षांनी आठवते. मंग तिथं कावून गप बसले?"

संस्थेच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सर, आपण लोकांची क्षमता वाढवतो, वादात पडत नाही." त्या वर्षीच्या अहवालात त्याच विधवेचा फोटो होता, खाली लिहिलेलं: आवाज मिळाला. मला शाल मिळाली. ती मी घेतली.

दोन पावसाळे असेच गेले. गुरचरणाला तारेचं कुंपण पडलं, गोदाम अजून उभं नव्हतं. शेवटी दुर्गच्या कलेक्टर कचेरीत मी लेखी जबानी दिली आणि तिची नक्कल घेऊन त्या विधवेच्या दारी गेलो. ती दोन चांगले शब्द बोलेल असं वाटलं होतं. खोड जात नाही. तिने नक्कल बोट फिरवत वाचली.

"कलेक्टर साहेबाची गुरं नाही चरत तिथं. गावासमोर बोला."

ग्रामसभेत मी उभा राहिलो. माफीचं लांबलचक भाषण पाठ केलं होतं. पान कोरं होतं, ते मी कोणाच्या हातात दिलं, आणि विचारल्यावर मी खोटं बोललो, एवढं सांगून होताच तिने मला थांबवलं.

"झालं गुरुजी, बसा खाली. आज दुसरं काम आहे."

मग त्या पानावरचं एकेक नाव घेऊन ती विचारू लागली, तू हो म्हटलं होतंस का? उत्तर आलं की पंचायतीच्या सचिवाला म्हणायची, लिहा. पाचवं नाव सरपंचबाईंचं निघालं. त्याही वर्गाला यायच्या. नवऱ्याने घसा खाकरला. सरपंचबाई पदर सावरत उठल्या आणि "नाही" म्हणाल्या.

सचिवाने ते लिहिलं, आणि तिने सहावं नाव घेतलं.