ताईंची बी.कॉम.

दुकानात सगळे त्यांना मॅडम म्हणत. आजूबाजूला कुणी नसलं की मी ताई म्हणायची. हिंदी बोलणाऱ्या आमच्या शहरात त्या दीक्षितपुऱ्यात राहायच्या, मी कांचघरला. रेडिमेड कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या स्टोअर मॅनेजर, मी बिलिंगला.

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा मी बी.कॉम.चं दुसरं वर्ष करून कॉलेज सोडलं होतं. हे कळल्यापासून ताई माझ्या मागेच लागल्या.

"फॉर्म भरला का?"

"भरते ताई. सीझन संपू द्या."

"काहून टाळून राहिली तू? इथे सीझन कधी संपत नाही. डिग्री नसली तर या काउंटरवरच म्हातारी होशील."

शेवटी मी कॉलेजला न जाता परीक्षा द्यायचा प्रायव्हेट फॉर्म भरला. पेपरच्या दिवसांत त्या माझी ड्यूटी संध्याकाळची लावायच्या आणि कुणी कुरकुरलं तर स्वतः बिलिंगला बसायच्या. मी पास झाले तेव्हा सगळ्या स्टाफला त्यांनी खव्याची जिलबी खाऊ घातली. पुढे मी असिस्टंट मॅनेजर झाले, ती त्या डिग्रीवरच. मला वाटायचं, स्वतः शिकलेल्या आहेत म्हणून शिक्षणाची त्यांना एवढी कदर.

गेल्या वर्षी ताईंचं नाव एरिया मॅनेजरच्या जागेसाठी वर गेलं. हेड ऑफिसमधून एक साहेब येणार असं कळलं, तेव्हा मुलींनी वर्गणी काढून पुष्पगुच्छ आणला. साहेब आले आणि त्यांनी मलाही केबिनमध्ये बोलावलं. ताई उभ्या होत्या.

"यूनिवर्सिटी का जवाब आ गया," ते हळू आवाजात म्हणाले. "इस नंबर की कोई डिग्री उन्होंने दी ही नहीं."

मी ताईंकडे पाहिलं. आता त्या भडकणार, अशी माझी खात्री होती. साध्या चुकीच्या टॅगवरून त्या अर्धं दुकान डोक्यावर घ्यायच्या. पण त्या फक्त "जी" म्हणाल्या.

त्यांनी नावाचा बिल्ला काढला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पर्स घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. साहेबांनी त्या किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या.

"आप तो ग्रेजुएट हैं ना? ओरिजिनल कल ले आइए. तब तक स्टोर आप देखिए."

मी मान हलवली. कशाला हलवली, ते नंतर समजलं. बाहेर आले तर एक मुलगी गुच्छ घेऊन उभी. "दीदी, ये कब देना है?"

घरी आले आणि कपाटातून माझी डिग्री काढली. उजेडात धरून शिक्का पाहत बसले. माझा स्वतःचा कागद मला खोटा वाटायला लागला होता.

दीक्षितपुऱ्यात जायची हिंमत व्हायला आठवडा गेला. ताईंनी नेहमीसारखा चहा ठेवला. मी काही विचारायच्या आतच त्या बोलायला लागल्या.

"बारावी आहे मी. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा जिथे जावं तिथे ग्रॅज्युएट पाहिजे. एकाने डिग्री बनवून दिली. वाटलं, एकदा आत शिरले की कामाने दाखवून देईन."

"दाखवलंच ना तुम्ही."

"हो. आणि दर प्रमोशनला वाटायचं, आता सापडते."

"मग मध्ये कधीतरी खरी परीक्षा द्यायची होती, ताई. मला तर बसवलंत."

त्यांनी गॅस बंद केला. "कशी देणार? बी.कॉम. झालेली बाई पुन्हा बी.कॉम.ला काहून बसून राहिली, असं कुणी विचारलं असतं तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या मला फॉर्म भर, फॉर्म भर म्हणत होत्या आणि त्यांच्यासाठी तो एकच फॉर्म बंद होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून स्वतःचाच आला.

कंपनीने पोलिसांत तक्रार केली नाही. महिनाभराने मला कायमची मॅनेजर केलं. ताईंना जुन्या बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात काम मिळालं. शेठजींनी शिक्षण विचारलंच नाही, पण ताईंनी आपणहून सांगितलं, बारावी. या वर्षी त्यांनी बी.कॉम. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गादीवरच पुस्तक उघडतात आणि अडलं की मला फोन करतात. परवा त्यांनी घसाऱ्याचं एक गणित विचारलं. मला ते येईना. परीक्षेनंतर त्याची कधी गरजच पडली नव्हती.