आधी कोणी राहिलं नसेल अशी केबिन

घरातल्या पॅसेजमधून जाताना पिटू भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि समोरच्याला आधी जाऊ देते. समोरचा म्हणजे कोण, तर पाण्याची बाटली भरायला निघालेले तिचे बाबा, नाहीतर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन येणारी मी. ती हसते, मान जराशी झुकवते, आम्ही गेलो की पुढे निघते. आली त्या दिवशी मला गंमत वाटली होती. आता तिला येऊन महिना होत आला तरी ती अजून भिंतीला लागते. कपडे घड्या करताना, दूध तापवताना, मध्येच केव्हाही मला ते दिसतं. पोटच्या मुलीने आपल्याला वाट द्यावी, यात रडण्यासारखं काही नाही. मला रडू येतही नाही. हात काम करत राहतात आणि मी तेवढ्यापुरती तिथे नसते.

पिटू आमची एकुलती एक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पिटू, आणि पुढे चांगली उंच झाली तरी पिटूच. वय सत्तावीस. लोक सुट्टी घालवायला ज्या मोठ्या क्रूझ जहाजांवर जातात, तिथे ती प्रवाशांच्या केबिन सांभाळते. एका पॅसेजच्या दोन्ही बाजूंच्या केबिन तिच्याकडे. सकाळी पाहुणे नाश्त्याला गेले की सगळं झाडायचं, पुसायचं, चादरी ताणायच्या. संध्याकाळी ते जेवायला गेले की पुन्हा आत जाऊन पडदे ओढायचे, पांघरुणाचा कोपरा दुमडायचा, उशीवर चॉकलेट ठेवायचं. पाहुण्यांना ती दिसता कामा नये आणि तिचं काम मात्र दिसलं पाहिजे.

घरीही तेच चालू झालं. तिचे बाबा रात्री बाथरूमला उठतात, तेवढ्यात ही त्यांचं अंथरूण नीट करून ठेवते. चादर गादीखाली अशी घट्ट खोचते की त्यांना पाय आत घालता येत नाहीत. "अगं, मला पाकिटात घालून पोस्टात टाकणार आहेस का?" ते म्हणाले. ती हसली. "सॉरी बाबा," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोचली.

ही मुलगी लहानपणी कोणाचं ऐकायची नाही. पाहुण्यांसमोर गाणं म्हण, नाही. आत्याला पापा दे, नाही. शाळेच्या नाटकात तिला झाड केलं होतं, तर ऐन वेळी स्टेजवर म्हणाली, "मी झाड नाही," आणि खाली उतरून माझ्या मांडीवर येऊन बसली. माझी धाकटी बहीण तिला 'नाहीबाई' म्हणायची. हॉटेलचं शिक्षण घ्यायचं ठरलं तेव्हा हीच बहीण म्हणाली होती, "ताई, ही लोकांची सेवा करणार? ही लोकांना हाकलून देईल."

पहिल्या जहाजावरून आली तेव्हा नुसती गोष्टींनी भरलेली होती. एका बाईंनी तिला विचारलं होतं म्हणे, रात्री समुद्राचा आवाज जरा कमी करता येईल का? त्यांची नक्कल करताना ती सोफ्यावरून पडली. दुसऱ्या खेपेला गोष्टी कमी झाल्या, झोप जास्त. या तिसऱ्या खेपेला गोष्ट एकही नाही. विचारलं की, "छान होतं," म्हणते.

मागच्या आठवड्यात भरतीच्या ऑफिसमधल्या साहेबांचा फोन आला. पुढचं जहाज, शुक्रवारी निघायचं. "हो सर. नक्की सर. थँक्यू सर." फोन ठेवला आणि तिने बॅग खाली काढली.

"तुला जायचंय का पण?" मी विचारलं.

"बघते हं आई."

"नसेल जायचं तर राहा. इथे शोधू काहीतरी."

"बघते ना."

दोन्ही वेळा आवाज तोच, हसणंही तेच. मला वाटलं, तिचं अजून ठरत नसेल.

रविवारी बहीण आणि तिचे यजमान आले. ते नुकतेच बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि दोघांनी क्रूझ बुक केली आहे. घरात भाची जहाजावर काम करणारी, मग फुकटचा सल्ला सोडतात कशाला! बहिणीने चपला काढायच्या आतच विचारलं, "नाहीबाई, मला उलट्या होतील का गं?"

"केबिन कुठली आहे मावशी?"

"सगळ्यात वरची. चांगली बाल्कनीवाली. काकांनी हट्टाने घेतली."

"वर जास्त हलतं. बदलून मिळाली तर खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. आणि गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर नाही."

"ऐकलंत?" बहीण यजमानांकडे वळली. "बाल्कनीत उभं राहून उलट्या करायच्या मी. नजारा छान असेल."

"खाली माझा कोट टांगायला जागा नसते, मी चौकशी केली आहे," काका म्हणाले. ते प्रत्येक गोष्टीची चौकशी करतात.

पिटू खुर्चीच्या कडेवर ताठ बसून सांगत होती. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. लाइफ जॅकेटची कवायत असते ती चुकवू नका, बार उघडा असला तरी. बंदरात उतरलात तर वेळेच्या आधी परत या, जहाज कोणासाठी थांबत नाही. बुफेच्या टेबलांकडे हात धुऊन जा आणि एकदा ताटात घेतलेलं परत भांड्यात टाकू नका.

"असं कोण करतं?" बहीण म्हणाली.

"सगळे करतात मावशी."

"आणि ते खुर्च्यांचं काय? पहाटे उठून पोहण्याच्या तलावाशी टॉवेल टाकून जागा धरतात म्हणे," काकांनी विचारलं.

"धरतात. नंतर आम्ही टॉवेल उचलतो. मग भांडणं होतात."

"म्हणजे भांडायला एवढ्या लांब जायचं! ते आम्ही घरीसुद्धा करतो."

पिटू हसली. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले, सारखे खाली आले.

"टीप कशी द्यायची?" काकांनी पेन काढलं. "उशीखाली ठेवली तर?"

"उशीखालचं आम्हाला घेता येत नाही काका. विसरलेल्या वस्तूंत जमा करावं लागतं. हातात द्या. आणि एक आहे. आम्हाला पाहुण्यांना 'नाही' म्हणायची परवानगी नसते. काही मागितलंत आणि समोरचा 'बघतो' किंवा 'बघते' म्हणाला, तर ते होणार नाही असं समजायचं. पुन्हा पुन्हा विचारत बसू नका. त्याला त्रास होतो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ती हे अगदी सहज म्हणाली, माझ्याकडे बघूनही नाही. मी ट्रे ठेवला, साखर कोणाला किती ते विचारलं. मी तिला जायचंय का विचारलं तेव्हा ती 'बघते' म्हणाली होती, आणि राहा म्हटलं तेव्हाही. मग ही मुलगी जाणारही नाही आणि राहणारही नाही, असं कसं? मी काकांच्या कपात दोनदा साखर घातली. ते बिचारे प्यायले.

बहिणीचा मोबाइल बाहेर आलाच. बुकिंग केल्यापासून ती प्रवाशांचे अभिप्राय वाचते. कोणाला सूप गार मिळालं, कोणाला संगीत मोठं वाटलं, कोणी म्हणतं पुन्हा जाणार नाही, कोणी दुसऱ्यांदा जाऊन आलेलं. पिटूच्या जहाजाचं नाव तिला पाठ आहे.

"थांब, थांब, हे ऐक ताई! शेवटी तुझ्या लेकीचं नाव लिहिलंय!" ती ओरडली. "'आमची केबिन इतकी स्वच्छ होती की आमच्या आधी तिथे कोणी राहिलंच नसेल असं वाटलं. केबिन सांभाळणारी मुलगी कायम हसतमुख. पूर्ण गुण.' अगं पिटू, बोलली नाहीस! यासाठीच मिळाला ना तुला तो बिल्ला?"

तो बिल्ला मला माहीत होता. छातीवर उत्तम कामाचा बिल्ला, हातात केकचा तुकडा, मागे टाळ्या वाजवणारे लोक, असा फोटो तिने पाठवला होता. मी तो सगळ्या नातेवाइकांना पुढे पाठवला.

"हो, त्याच केबिनचा," पिटू म्हणाली.

"मग सांग की! काय केलंस एवढं?"

"काही नाही. तिथे आधी एक आजी होत्या."

"मग?"

"त्या गेल्या."

बहिणीला वाटलं, उतरून गेल्या. "बरं, मग?"

"म्हणजे वारल्या, मावशी. एकट्याच यायच्या, दर वर्षी त्याच केबिनमध्ये. पडदा कधी ओढू द्यायच्या नाहीत. सकाळी दार वाजवलं, उत्तर आलं नाही, मी आत गेले. पलंगावर होत्या. मी वरच्यांना फोन केला. ते म्हणाले, दार लावून घे, ट्रॉली आडवी लाव, बाकी पाहुण्यांना कळता कामा नये, त्यांची सुट्टी आहे. चेहरा नीट ठेव. मी ट्रॉली लावली. शेजारच्या केबिनमधले काका बाहेर आले, त्यांना जास्तीचा टॉवेल हवा होता. मी दिला."

बहिणीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"त्यांना सामानाच्या लिफ्टने खाली नेलं. दोन दिवसांनी बंदर आलं. जुने उतरले, नवे चढले. त्या केबिनमध्ये हे कुटुंब आलं, ज्यांनी लिहिलंय ते. छान होते. मुलीला टॉवेलचा ससा आवडायचा, मी रोज करून ठेवायचे." ती थांबली आणि बशीतला बिस्किटाचा चुरा बोटाने एका जागी गोळा करू लागली. "आजींना बघितलं ना, तेव्हा मला रडू नाही आलं. गादी बदलून मागवावी लागेल, असं आलं मनात. ते आधी आलं."

"काय झालं गं बाळा तुला?" बहीण तिच्याजवळ सरकली.

"काहीच झालं नाही मावशी. तेच तर. अजून चहा देऊ?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. पिटूचे बाबा उठून पंखा कमी करून आले. मग काका उगाच म्हणाले की ते खालची केबिन घेतील, कोट घडी करून ठेवतील, आणि थोड्या वेळाने दोघं गेले.

कपबश्या मी धूत होते, ती पुसत होती.

"मावशीला सांगितलंस. मला का नाही?"

"तिने त्या केबिनचं विचारलं."

"मी रोज विचारते."

"तू जायचंय का ते विचारतेस, आई."

हे खरं होतं. मी पाणी बंद केलं. "मग आता विचारते. परत गेलीस तर काय होईल?"

तिने खूप वेळ एकच बशी पुसली. "होणार काही नाही. काम छान होईल. अजून एक बिल्ला मिळेल."

"साहेबांना फोन करून सांग, येत नाही म्हणून."

"केला होता. परवा, तू बाजारात गेलीस तेव्हा. ते म्हणाले, 'काय गं, सगळं ठीक ना?' मी म्हटलं, 'हो सर, शुक्रवारी येतेय.' तोंडातून तेच आलं. त्यासाठीच फोन केला होता की काय, असं मलाच वाटलं." बशी तिने फळीवर ठेवली, कडेला कड लावून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगशील?"

या महिन्याभरात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

तिच्या बाबांना हे पटलेलं नाही. "सत्तावीस वर्षांच्या मुलीसाठी आईने फोन करायचा? ऑफिसात हसतील. एकदा नाव कापलं की पुन्हा कोणी घेणार नाही. महिन्याने तिला बरं वाटलं आणि ती म्हणाली, माझी नोकरी का घालवलीस, तर काय सांगशील?" त्यांचं चूक नाही. हाच प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. तिची बॅग खोलीत उघडी आहे, कपडे रांगेत, बुटांत कागद कोंबलेले. ती आत झोपली आहे की नुसती पडून आहे, ते दाराबाहेरून कळत नाही. शुक्रवारी मी तिला बसवून द्यायला गेले, तर ती हसेल, हात हलवेल, आणि तिकडे जे करायचं ते उत्तम करेल. माझ्या मुलीकडून तिथे आता काही चुकणार नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते.

म्हणून ठरवलं आहे. सकाळी ऑफिस उघडलं की मी फोन करणार. पिटूची आई बोलतेय, असं सांगीन. ती शुक्रवारी येत नाही. साहेब चांगले आहेत, ते काळजीने विचारतील, काय झालं. घरचं कारण आहे म्हणेन. मग ते म्हणतील, जरा तिच्याकडे द्या, मी बोलतो तिच्याशी. ते म्हणणारच. पिटू शेजारी उभी असेल, कदाचित हातही पुढे करेल. तरी फोन मी तिच्याकडे देणार नाही.