कॅमेऱ्याला मामांचा चष्मा

उळवीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्या आमच्या घरासमोरून जातात. दिवसभराच्या त्या सगळ्या गाड्या मिनिटभरात पळताना दाखवायच्या, असं एका वर्षी माझ्या डोक्यात आलं. दर दोन-चार सेकंदांना आपोआप फोटो निघेल आणि मग ते जोडून व्हिडिओ करता येईल, असा कॅमेरा तिपाईवर चढवून रस्त्याकडेला उभा केला. चाकं फिरताना गुळगुळीत दिसायला हवीत, तर प्रत्येक फोटोला उजेड जरा सावकाश घ्यावा लागतो. पण ऊन असं, की छिद्र बारीक केलं, आयएसओ तळाला नेला, तरी बैल, गाडी, रस्ता सगळं दुधात बुडाल्यासारखं पांढरं. भिंगापुढे लावायची काळी काच रामनगरच्या स्टँडवर माझ्याच हातून फुटली होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेले मामा ओट्यावर बसले होते.

"त्येला ऊन सोसंना व्हय?" म्हणत त्यांनी आपला दवाखान्याचा काळा चष्मा काढून दिला.

भिंगापुढे धरला, तर बैलांची रंगवलेली शिंगंसुद्धा लख्ख दिसली! एक काच भिंगावर येईल असा चष्मा मी सुतळीने बांधला. दुसरी बाजूला लोंबली. मामांना ते पटलं नाही. त्यांनी चष्मा सरळ केला, वरून आपला टॉवेल पटक्यासारखा गुंडाळला आणि स्वतः डोळे घट्ट मिटून फणसाखाली बसले.

मी जेवून आलो, तर गाड्या थांबलेल्या आणि कॅमेऱ्यापुढे रांग.

"शरणु, अज्जा," एक म्हातारे हात जोडून म्हणत होते. एका आजींनी मला हळूच विचारलं, "आप्रेशन कवा झालं?"

"गेल्या आठवड्यात," मी गडबडून मामांचंच सांगितलं.

"बोलत न्हाईत?"

"डाक्टरनं बोलू नगं म्हटलंय," मामा डोळे न उघडता फणसाखालून ओरडले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "खरं आप्रेशन माझं झालंय. मला बघाय एक कुत्रं आलं न्हाई."

आजींनी तिपाईपाशी केळी ठेवली, पदराने वारा घातला आणि डोळे पुसत गाडीत चढल्या.

रात्री व्हिडिओ पाहिला. उजेड अगदी बेताचा, कुठे पांढरा डाग नाही. गाड्या मात्र मागे कुठेतरी. पुढे नुसती माणसं. भराभर येतायत, वाकून बघतायत, हात जोडतायत, मान हलवत जातायत.

तो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच बेळगावहून मावशीचा फोन.

"कोण गेलं रे आपल्यातलं?"